फडावरचा इतिहासाचा तास

'आपल्या गावाचा इतिहास' लिहून आणा म्हटलं, तर चौथीच्या निम्म्या वह्यांत किल्ला आणि लढाई. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. इथे किल्ला नाही, लढाईही कुणी ऐकलेली नाही. म्हणून पोरांना घेऊन सरळ बंधाऱ्यावर गेलो. आमच्या गावचे जुने पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारे, बाबा सोबत आले.

पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरात उगवते, धुळ्यावरून जाऊन मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर जागोजाग जुने दगडी बंधारे. काही तीन-चारशे वर्षांचे मानतात. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालचं रान फडांत, म्हणजे मोठमोठ्या पट्ट्यांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी, आणि दरसाल पाळी बदलायची. हे कुणी आखलं त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. मला विचाराल तर तटबंदी बांधण्यापेक्षा हे अवघड काम.

एका पोराने विचारलं, "आमची जमीन तीन ठिकाणी का? भाऊबंदकीत तुटली का?"

बाबा हसले. "भाऊबंदकी नही रे भो! पानी बठ्ठासनं शे." म्हणजे पाणी सगळ्यांचं.

मग त्यांनी काठीने मातीत फड आखून दाखवले. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. पावसाने ओढ दिली की एखादा फड कोरडा ठेवायचा. मग नुकसान एकट्याचं नाही, सगळ्यांचं थोडं थोडं. पोरगं स्वतःच्या वावराकडे नव्याने बघत राहिलं. आता वर विहिरी आणि मोटारी झाल्या, पाटाला पूर्वीचं पाणी नाही, हेही बाबांनी लपवलं नाही.

परतताना एका चारीची कड फुटून पाणी वाहून चाललं होतं. आम्ही नुसते बघत उभे. वर्गात एक मुलगी आहे, भिल्ल वस्तीतली. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, ही आजीजवळ राहते. एरवी तोंड उघडत नाही. तिने चपला काठावर काढल्या, ओंजळभर गवत उपटून त्याचा मुटका वळला, फुटलेल्या जागी आडवा घातला, वर चिखल थापला आणि टाचेने दाबत दाबत पुढे सरकली. पाणी थांबलं. पोरं गप्प.

"कोठे शिकनी?" बाबांनी विचारलं.

"मना आजा जागल्या व्हता."

रात्री फडाची राखण करणारा, डुकरं हाकणारा तो जागल्या. खानदेशात ही जागल बहुतेक भिल्लांकडेच असायची आणि मोबदला धान्यात, खळ्यावर मिळायचा. बाबा तिला तिच्या आजाच्या गोष्टी सांगू लागले, तेवढ्यात तिने विचारलं, "बठ्ठासना फड, मंग आम्हना कोनता?"

बाबा थोडा वेळ काठी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, तुमचा फड नव्हता. दाणा मिळे, जमीन नाही. त्यांनी ते गुळमुळीत केलं नाही, म्हणून मला ते आणखी आवडले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गावाचा नकाशा काढायला घेतला. बंधारा, पाट, फड, मारुतीचं देऊळ. जागल्याचं घर कुठे दाखवायचं यावर पोरांत वाद झाला. तिनेच जागा सांगितली, नाल्यापलीकडे. आमचा कागद नाल्यालाच संपला होता. कपाटातून दुसरा काढून डिंकाने खाली जोडला.