बारशाच्या आदल्या दिवशी

आजींची अट एकच होती. बाळ जन्माला येईपर्यंत घरात एकही खिळा ठोकायचा नाही, रंगाचा डबा उघडायचा नाही आणि पाळण्याचं तर नावही काढायचं नाही. "तुमच्याकडे काय करायचं ते करा हो, आमच्या उंबऱ्याच्या आत नको." विसारसुद्धा त्यांनी बाळ झाल्यावरच दिला. मापं घ्यायला मी गेले ती पडद्यांची मापं घेतेय असं सांगून, आणि आजींनीही ते खरं धरल्यासारखं केलं.

मी पुण्यात लहान मुलांच्या खोल्या सजवते. कापडाच्या चिमण्या, गोधड्या, पडदे, लाकडी फळ्या, सगळं हातानं केलेलं. बरेच लोक खिळ्याची ही अट ऐकून हसतात. मला ती उलट सोयीची वाटते. बाळंतीण घरात यायच्या आधी भिंतीत ठोकाठोक नाही, ओल्या रंगाचा वास नाही. फळी आणि पुस्तकांचं कपाट वर्कशॉपमध्येच रंगवून झालं, वास पार उडेपर्यंत तिथेच पडून राहिलं. अडचण एवढीच की मग सगळं बसवायला दिवस मिळतो तो बारशाच्या आदला, आणि घरात तेव्हा अकरा दिवसांचं बाळ असतं.

ही दुसरी खेप, त्यामुळे बाळंतपण सासरीच. मोठा मुलगा पाच वर्षांचा. खोली दोघांची: एका भिंतीला बहिणीचा पाळणा, समोर दादाचा पलंग. दादाचं म्हणणं स्पष्ट होतं. चिमण्या-फुलं तिच्या बाजूला, त्याच्या बाजूला जेसीबी. दुसरं काही चालणार नाही.

सकाळी नऊला मी आणि आमचे सुतारमामा सामान घेऊन पोचलो. बाळ झोपलेलं. कपाट भिंतीला पकडायचं होतं, म्हणजे ड्रिल आलं. पाच वर्षांचं मूल वरच्या कप्प्यातली गाडी काढायला खालच्या कप्प्यावर पाय देतंच, आणि नुसतं उभं ठेवलेलं कपाट मग त्याच्या अंगावर येतं. त्यामुळे वरून दोन एल-पट्ट्या मारल्याशिवाय मी कपाट कुणाच्याही घरी सोडत नाही. पण बाळ झोपलेलं! मग त्या दिवसाचं वेळापत्रक बाळानंच ठरवलं. ते उठलं, आई त्याला घेऊन पलीकडच्या खोलीत पाजायला बसली, की मामा भराभर भोकं पाडणार. ढेकर निघाली की ड्रिल बंद. मधल्या वेळात मी चिमण्या बांधत बसले.

या चिमण्यांबद्दल थोडं सांगते, कारण माझं निम्मं डोकं त्यातच जातं. पाळण्यावर टांगायचं खेळणं विकत घ्या, बहुतेकदा चिमणी तुम्हाला बाजूनं छान दिसते: चोच, पंख, शेपूट. आता पाळण्याखाली सतरंजीवर उताणं पडून वर बघा. पोटाची एक रेघ दिसते, बाकी काही नाही. ते खेळणं दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यांसाठी केलेलं असतं. म्हणून माझ्या चिमण्यांचं सगळं नक्षीकाम पोटाला असतं, आणि पहिल्या जोडीला तर काळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्या. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, आणि फिक्या गुलाबी-निळ्यापेक्षा काळ्याशेजारचं पांढरं त्याची नजर पकडतं. आजींना पट्ट्या मुळीच पटल्या नाहीत. "बारशाला काळं?" शेवटी तह झाला: पट्ट्यांच्या दोन चिमण्या आत, बाळाच्या बाजूला, लाल-हिरव्या खणाच्या चार बाहेरून, पाहुण्यांना दिसतील अशा.

घुंगरू मात्र मी लावू दिले नाहीत. मणी नाहीत, टिकल्या नाहीत, बटणाचे डोळे नाहीत. डोळे दोऱ्यानं भरलेले. जे काही ओढून निघतं ते तोंडात जातं. मी प्रत्येक चिमणी आजींच्या हातात दिली आणि म्हटलं, ओढा, जोर लावून ओढा. त्यांनी खरोखरच दम लावून ओढलं. शिवण टिकली तेव्हा कुठे घुंगरांचा विषय मिटला. दोरी वीतभरापेक्षा लांब ठेवायची नाही, आणि बाळ हातापायांवर उठायला लागलं किंवा पाच महिन्यांचं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा सगळं खेळणं उतरवून टाकायचं. हे मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवते, कारण तोंडी सांगितलेलं बारशाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणखी एक गोष्ट परदेशी व्हिडिओ बघून खेळणी करणाऱ्यांना सुचत नाही: आपल्याकडे छताला पंखा असतो. छताच्या हुकाला टांगलेल्या चिमण्यांचा अर्ध्या तासात गुंता होतो. मी त्या पाळण्याच्याच आडव्या दांडीला बांधते आणि मध्ये मासेमारीच्या गळाला असते ती छोटी फिरती कडी घालते. वाऱ्यानं चिमणी गरगर फिरते, दोरीला पीळ बसत नाही.

दुपारी जेवणं झाली आणि आजोबांनी माळ्यावरून पाळणा काढायला सांगितला. नवा नाही, घरचा जुना. सागवानी, पितळी साखळ्यांचा, कठड्यावर हिरवे पोपट रंगवलेले. त्यांचे वडील त्यात झोपले होते, ते स्वतः झोपले, मुलं झोपली. आजोबांच्या मनात ठरलेलंच होतं: पोपट जरा घासून काढायचे, नवा रंग मारायचा, बाळ यातच झोपेल. मामांच्या हातात पॉलिश पेपर आलाही होता.

मी म्हटलं, आजोबा, घासू नका.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं, म्हणजे लहान मुलांना विषारी असलेला धातू, असणं अगदी नेहमीची गोष्ट होती. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. पाळण्यावरचे पोपट त्याच्या कितीतरी आधीचे. या रंगात शिसं आहे की नाही हे नुसतं बघून मला सांगता येत नव्हतं, कुणालाच येत नाही. पण कोरडा रंग घासला की त्याची धूळ घरभर होते, आणि घरात तान्हं बाळ. न घासता ठेवला तरी सहाव्या-सातव्या महिन्यात दात शिवशिवायला लागले की बाळ कठडाच चावत बसतं.

त्यात कठड्याच्या दांड्या. माझ्या पिशवीत एक रिकामा कोल्ड्रिंकचा कॅन कायम असतो. दोन दांड्यांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, कॅन आरपार जाता कामा नये. इथे तो अलगद पलीकडे गेला. अंग निसटतं, डोकं अडकतं, म्हणून ही चाचणी. आजींनी लगेच उपाय काढला: कडेनं लोड लावू, मोहरीची उशी ठेवू. तेही नको म्हणावं लागलं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी उशी, लोड, सैल पांघरूण काही नको, असं डॉक्टरही सांगतात. नाकातोंडावर आलं तर ते बाजूला करायची ताकद बाळात नसते. अमेरिकेत तर कठड्याभोवतीच्या अशा गाद्या विकायलाच २०२२ पासून बंदी आहे.

खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग आजोबा म्हणाले, "आम्ही सगळे यातच वाढलो. माझं काय वाकडं झालं?"

"ते मला विचारा," आजी म्हणाल्या.

बाळाची आई दारात उभी होती, ती इतकी हसली की टाके दुखतात म्हणून पोट धरून खाली बसली. तिनेच मग निकाल दिला. नाव ठेवताना बाळ या पाळण्यात, तेवढा वेळ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. रोजची झोप नव्या साध्या पाळण्यात. जुना ओल्या फडक्यानं पुसायचा, घासायचा नाही, आणि कार्य झालं की परत माळ्यावर. आजोबांना ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण पुसायला फडकं त्यांनीच घेतलं, आणि साखळ्या चिंच लावून लखलखीत केल्या.

राहिली गोधडी. आजींच्या जुन्या सुती नऊवारींची, बारीक धावदोऱ्याची, कडेला काठांची पट्टी. माझ्याकडे ती फक्त जोडून झाली. टाके बहुतेक आजींचे, बाळ व्हायच्या कितीतरी आधीचे. तेव्हा विचारलं तर "माझ्या गुडघ्यांवर घ्यायला शिवतेय" म्हणायच्या. नातीच्या पाळण्यात ती घालता येणार नाही हे कळल्यावर त्या गप्प झाल्या. नात पालथी पडायला लागली की जमिनीवर अंथरा, असं मी सुचवलं, पण त्यात काही जीव नव्हता.

तेवढ्यात दादा आला. सकाळपासून त्याच्या वाट्याला पलंगाच्या वर छताला लावलेले रेडियमचे तारे एवढंच आलं होतं. (ते पाळण्यावर मी कधीच लावत नाही, चिकटपणा गेला की सुटून खाली पडतात.) जेसीबीचं चित्र भिंतीवर होणार होतं, पण बाळ घरात असताना रंग काढायचा नाही हे ठरलेलं. त्यानं गोधडी ओढली, पांघरली आणि म्हणाला, "ही माझी. पण यावर जेसीबी कुठाय?"

आजी उठल्या. कपाटातून पिवळी धमक साडी काढली, त्यांच्या लग्नातली अष्टपुत्री. "पिवळाच असतो ना रे तो?" मी नको म्हणेपर्यंत कात्री चालली होती. मी कागदावर आकार काढून दिला, त्यांनी कापलं, दोघी मिळून टाचत बसलो. चाकांना माझ्या पट्ट्यांच्या चिमण्यांचं उरलेलं काळं कापड. पुढचा पंजा तीनदा बदलला, कारण दादा शेजारी उकिडवा बसून तपासत होता आणि दात मोजत होता.

मामा ओरडत होते, आठ वाजले, रिक्षा मिळायची नाही. आजींनी सुई खाली ठेवली नाही. दादाला आता मागचाही पंजा हवा होता. जेसीबीला दोन्हीकडे असतात, तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.