गोल्डनच्या जटा: मशीन न मारता सोडवल्या, त्याचा अनुभव

आमच्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याच्या केसांच्या गुंत्यांसाठी जळगावात कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे एकच उत्तर: "जटा झाल्यात, सगळं मशीन मारून टाकू. आपल्याकडच्या उन्हात बरंच पडेल त्याला." अजूनही चीड येते. गोल्डन रिट्रीव्हर ही जात १८६८ पासून स्कॉटलंडमध्ये, शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला तयार केली गेली. तिच्या अंगावर दोन थर असतात: वर पाणी झटकणारे लांब केस, खाली दाट मऊ लव. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापा टाकून. मुळापासून केस काढले की मे महिन्यातलं ४४-४५ अंशांचं ऊन थेट कातडीवर. परत उगवताना लव आधी वाढते, वरचे केस मागे राहतात आणि जटा पहिल्यापेक्षा जास्त होतात.

म्हणून घरीच सोडवल्या. चार संध्याकाळी, रोज अर्धा-पाऊण तास. त्याहून जास्त कुत्रा बसत नाही.

जटा होत्या कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या झालरीत. आधी आंघोळ घालू नका. ओली जट वाळताना आवळते आणि घोंगड्यासारखी दाट होते. कोरडीच ठेवून तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं, म्हणजे केस एकमेकांवरून सरकतात. मग कातडीलगत केस चिमटीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. जट बोटांनी उकलत लहान करायची आणि स्टीलच्या कंगव्याच्या शेवटच्या दोन-तीन दातांनी टोकाकडून मुळाकडे यायचं. सुरुवातीलाच मुळाशी कंगवा घातला तर कुत्रा उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी कंगवा बघूनच पळतो.

काखेतली एक जट मात्र सुटेचना. तिथली कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर उचलली जाते, त्यामुळे कात्री आडवी चालवली की कातडीच कापली जाते. कंगवा कातडी आणि जट यांच्यामध्ये सरकवला आणि कंगव्याच्या वरच्या अंगाने, केस वाढतात त्या दिशेने, जटेला उभ्या दोन चिरा दिल्या. तुकडे झाले, मग बोटांनी सुटले. आत कुसळ निघालं.

पावसाळा सरला की बांधावरचं कुसळी गवत पिकतं. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात, म्हणून ते आत आतच सरकतं. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कान, काखा चाचपा. कुत्रा एकच पंजा चाटत किंवा डोकं झटकत राहिला तर घरी खोदत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. गोखरू बोटांनी निघतं. गोचिडीवर रॉकेल अजिबात नको, कातडी भाजते.

आंघोळ पाच-सहा आठवड्यांनी, कुत्र्याच्याच शाम्पूने. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून शाम्पू वाढवू नका. मगभर पाण्यात पातळ करून घाला आणि खळबळायला दुप्पट वेळ द्या. ड्रायर गार हवेवर. लव ओली राहिली तर कातडीवर लाल, ओलसर चट्टा उठतो.

राहिलंच: ब्रश वरवर फिरवला तर वर चकचकीत, खाली जट. एका हाताने केस वर धरून खालून एकेक ओळ सोडत जायचं. कंगवा मुळापासून टोकापर्यंत कुठे अडला नाही, तरच काम झालं. घरात असताना गळ्यातला पट्टा काढून ठेवा, त्याच्याखालीही जट धरते. कानामागे आता एक दिवसाआड कंगवा फिरतो. चौथ्या संध्याकाळी तो काखेतून सरळ निघाला आणि अंगावरचे केस सगळे जागेवर होते.