वस्तादांची टाच आणि दोन चिठ्ठ्या

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मेडिकल चालवायचं तर क्रेप बँडेज आणि दुखण्यावरचा स्प्रे कधी संपू द्यायचा नाही, हे सासऱ्यांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. आजूबाजूला तालमी. रोज कुणाचा तरी खांदा, कुणाचा तरी गुडघा. त्यामुळे वस्ताद लंगडत आले आणि “पोरी, ते फसफसणारं औषध दे, टाच धरलीया” म्हणाले, तेव्हा माझा हात सवयीनं फडताळाकडे गेला.

“कधी मुरगळली?”

“मुरगळली न्हाई गं. चार-पाच दिस झालं. सकाळी उठलं की पाय टेकवत न्हाई. दोन्हीबी.”

‘दोन्ही’ ऐकून हात थांबला. पैलवान एका वेळी एक पाय दुखावून घेतो. धक्का नाही, लचक नाही आणि दोन्ही टाचा एकदम, हे मातीतलं दुखणं वाटत नव्हतं. पैसे पुढे करताना त्यांची बोटंही थरथरत होती. वस्ताद सत्तरीला टेकलेत, पण एके काळी खासबागेच्या कुस्ती मैदानात लढलेला हा माणूस. नोट थरथरावी असा हात नव्हे.

त्यांचा सिप्रोफ्लॉक्सासिनचा, म्हणजे ‘सिप्रो’ या अँटिबायोटिकचा कोर्स चालू होता, आणि तो आमच्याकडूनच जात होता. प्रोस्टेट ग्रंथीला जंतुसंसर्ग झाला होता. तापानं फणफणले होते, लघवीला जळजळ होती. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू आला होता आणि सिप्रोपुढे ‘एस’ होता, म्हणजे औषध लागू पडणार. प्रोस्टेटमध्ये पुरेशी शिरणारी अँटिबायोटिक्स मोजकी, त्यात हे एक. म्हणून मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी चार आठवडे लिहून दिलं. निवड पुस्तकाबरहुकूम होती, हे मुद्दाम सांगते. अशा गोष्टीत लोक आधी चुकलेला डॉक्टर शोधायला लागतात.

सुरुवातीला ताप हटत नव्हता. त्याचं कारण गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सापडलं. वस्ताद सकाळ-संध्याकाळ म्हशीचं धारोष्ण दूध पितात, आणि गोळी त्याच पेल्याबरोबर घेत होते. दुधातलं कॅल्शियम सिप्रोला पोटातच बांधून टाकतं, मग औषधाचा बराच भाग रक्तात पोचतच नाही. “दुधाच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी,” असं मी पाकिटावर जाड अक्षरात लिहून दिलं. पुढे ताप उतरला.

आता मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “दम्याचं काय चाललंय?”

पावसाळ्यात त्यांना धाप लागते. त्याचे डॉक्टर वेगळे, राजारामपुरीतले, आणि ती औषधं ते तिकडच्याच दुकानातून घेतात. बंडीच्या खिशातून दोन स्ट्रिप निघाल्या: थिओफिलिन आणि प्रेडनिसोलोन. दोन्ही पंधरवड्यापूर्वी सुरू झालेल्या. छातीच्या डॉक्टरांना प्रोस्टेट माहीत नाही, मूत्रविकाराच्या डॉक्टरांना दमा माहीत नाही. वस्तादांच्या मते लघवीच्या डॉक्टरला धाप कशाला सांगायची?

थरथरीचा उलगडा तिथेच झाला. थिओफिलिनचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम सिप्रो अडवून धरतं. डोस तोच राहतो, पण रक्तातलं थिओफिलिन चढत जातं. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. फार चढलं तर फीट येऊ शकते, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. चहातल्या कॅफीनचीही तीच गत, आणि तालमीत चहाला कोण नाही म्हणतं? “झोप?” विचारलं तर म्हणाले, “रातभर कौलं मोजतो.”

टाचेचं प्रकरण आणखी नाजूक. सिप्रो ज्या घराण्यातलं, त्या फ्लोरोक्विनोलोनांचा पूर्वज म्हणजे नॅलिडिक्सिक ॲसिड. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध तयार करताना हाती लागलेल्या एका उपपदार्थावरून ते निघालं आणि १९६२ साली जगापुढे आलं. जंतूचा डीएनए चऱ्हाटासारखा पिळलेला असतो. तो पीळ सैल करायला जंतूचं एक एन्झाइम, गायरेज, धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. सिप्रो नेमकं कापलेल्या अवस्थेत त्याला जखडून ठेवतं, धागा तुटका राहतो आणि जंतू मरतो. आपल्या पेशींतलं तसलं एन्झाइम वेगळ्या घडणीचं असल्यामुळे आपण वाचतो. पण कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांना, हे औषध दुसऱ्या वाटेनं त्रास देतं. तिथलं मॅग्नेशियम ते धरून ठेवतं, कोलॅजन, म्हणजे कंडरा ज्याची बनते ते प्रथिन, कुरतडणारी एन्झाइम्स वाढतात. सगळ्यात जास्त मार बसतो तो टाचेवरच्या धोंडशिरेला. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनानं, २००८ साली या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि त्यात जास्त धोका कुणाला? साठीच्या पुढचे आणि स्टेरॉइड घेणारे. वस्ताद दोन्हीत बसत होते. प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइडच.

मी स्प्रे दिला नाही. “सिप्रोची रात्रीची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायची नाही. बैठका बंद. आणि धोंडशिरेला कुणाचा हात लावू द्यायचा नाही, मालिशसुद्धा नाही.”

तालमीत मालिशला नाही म्हणणं म्हणजे देवळात नारळ नको म्हणण्यातलं. वस्ताद तडकले. “म्हंजी दुधासंगं घेत हुतो तवर बरा हुतो की! तूच सांगितलंस दूध लांब ठेव म्हणून.”

दुकानातली दोन पोरं हसली. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. औषध नीट अंगी लागायला लागलं, तसा त्याचा वाईट गुणही अंगी लागला.

दोन्ही डॉक्टरांना फोन केले. मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांतच सिप्रो थांबवलं. छातीच्या डॉक्टरांनी थिओफिलिन बंद करून इनहेलर वाढवला. प्रेडनिसोलोन मात्र एकदम तोडायचं नाही, उतरत्या मात्रेनं आणायचं, असं बजावलं. त्याच संध्याकाळी ईसीजी झाला, ठोका जलद पण सरळ. दुसऱ्या दिवशी टाचांची सोनोग्राफी. शीर सुजलेली होती, तुटलेली नव्हती. कल्चरच्या कागदावर को-ट्रायमॉक्सॅझोल या सल्फा असलेल्या अँटिबायोटिकपुढेही ‘एस’ होता, तेव्हा उरलेला कोर्स त्यावर गेला. त्याआधी सल्फाची ॲलर्जी नाही ना, हे विचारून घेतलं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच या, असं सांगितलं. पोटॅशियम वाढू शकतं म्हणून मध्ये रक्त तपासायचं ठरलं.

हात आठवड्याभरात स्थिर झाला. टाचेला वेळ लागला. औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही ही शीर तुटू शकते, हे कळल्यावर वस्तादांनी खुर्ची कुस्तीच्या हौद्याच्या कडेला लावली आणि तिथून तोंडानं डाव शिकवायला लागले. पोरांचं म्हणणं, त्यांचा हात परवडला असता.

सगळं निवळल्यावर मी दुष्परिणाम कळवायचा सरकारी फॉर्म भरायला घेतला. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया २०१० पासून चालू आहे. फॉर्म डॉक्टरच नाही, औषध दुकानदारही भरू शकतो, तरी आमच्या धंद्यात तो क्वचितच कुणी हातात घेतो. वस्ताद समोरच बसले होते. तारखा, डोस, बरोबरची औषधं सगळं विचारून लिहिलं. नावाच्या रकान्यात मी फक्त आद्याक्षरं टाकली.

“पूर्ण नाव लिही की.”

“इथं पूर्ण नाव लिहायचं नसतं, वस्ताद. ओळख गुप्त ठेवतात.”

“गुप्त?” त्यांनी चष्मा काढला. “पंचक्रोशीत माझी टाच धरल्याली ठावं न्हाई असा एक माणूस दाखव.”