लाईफ इन द यूके टेस्ट : चौथीच्या इतिहासाने तारलं

इथल्या सिटिझनशिपच्या परीक्षेबद्दल हल्ली बऱ्याच जणी विचारतात, प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. आधी कोरडी माहिती. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास, फी ५० पौंड. १८ ते ६४ वयाच्यांना द्यावीच लागते, ६५ पूर्ण झालेल्यांना माफ आहे. नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते पण ५० पौंड परत भरायचे. आणि पीआरसाठी म्हणजे आयएलआरसाठी (इथे कायम राहण्याची परवानगी) एकदा पास झालात की तोच निकाल पुढे सिटिझनशिपलाही चालतो, तेव्हा घाबरून दोनदा पैसे घालवू नका.

ऑफिशियल पुस्तक एकच आहे, प्रश्न त्यातूनच येतात. मला आधी वाटलेलं की ॲपवर प्रॅक्टिस टेस्ट मारल्या की झालं. पण पुस्तक एकदा तरी वाचाच, कारण ॲपवाले तेच तेच प्रश्न फिरवतात आणि पुस्तकातली एखादी चौकट मधेच राहून जाते. सरकार, संसद, कायदे हा भाग आपल्याला फार जड जात नाही. हाऊस ऑफ कॉमन्स म्हणजे लोकसभा, लॉर्ड्स म्हणजे साधारण राज्यसभा (फक्त लॉर्ड्स कोणी निवडून दिलेले नसतात), स्पीकर आपल्याकडे आहेतच, आपण हे सगळं यांच्याकडूनच तर घेतलं. थोडं लक्ष लागतं ते स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या वेगळेपणाला. वेल्सची ती सेनेड म्हणजे त्यांची संसद, नॉर्दर्न आयर्लंडची असेंब्ली स्टॉरमाँटला, आणि ज्युरीत इंग्लंडला १२ माणसं पण स्कॉटलंडला फौजदारी खटल्यात १५. इंग्लंडसकट या चारही भागांच्या संतांचे दिवस पाठच करावे लागतात, डेव्हिड १ मार्च, पॅट्रिक १७ मार्च, जॉर्ज २३ एप्रिल, अँड्र्यू ३० नोव्हेंबर. मी ते फ्रिजवर चिकटवले होते.

खरी अडचण इतिहासाची. दगडी वर्तुळांपासून सुरू होतो आणि रोमन, सॅक्सन, व्हायकिंग, नॉर्मन असं करत संपायचं नावच नाही. एडवर्ड पण किती आणि हेन्री पण किती! आठव्या हेन्रीच्या सहा बायका मला माझ्या लेकीने पाठ करून घेतल्या. प्राथमिक शाळेत ट्यूडर्स, म्हणजे हेन्रीचं घराणं, झालेत ना तिचे, जेवताना घोकत बसायची, घटस्फोट, मुंडकं, मेली, घटस्फोट, मुंडकं, वाचली. क्रमाने ओळखायच्या. मुलं असतील तर त्यांचा उपयोग करून घ्या, त्यांनाही आईबाबांची परीक्षा घ्यायला भारी मजा येते.

पण सन काही केल्या डोक्यात राहीनात. १६६० ला राजेशाही परत आली की १६६६ ला, १६८८ ला काय आणि १६८९ ला काय, सगळी खिचडी. मग एकदा रात्री भांडी लावता लावता स्वतःशीच सन म्हणत होते आणि १६६० म्हटल्यावर तोंडातून आपोआप आलं, पावनखिंड! आणि तिथून गाडी रुळावर आली. कारण चौथीचा इतिहास आपल्या हाडात भिनलेला असतो, तो काढून टाकू म्हटलं तरी निघत नाही. मग मी वहीत दोन रकाने पाडले, एकीकडे इंग्लंड आणि एकीकडे आपण.

१६६० : बाजीप्रभू पावनखिंडीत, आणि त्याच वर्षी दुसरा चार्ल्स परत येऊन गादीवर. १६६६ : ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि सप्टेंबरमध्ये लंडनला मोठी आग लागली, त्यात जुनं सेंट पॉल जळालं. हे तर आता मेले तरी विसरणार नाही. १६८९ : संभाजीराजांचा वध आणि इकडे बिल ऑफ राइट्स. एका राजाला पकडून हाल करून मारतात त्याच वर्षी दुसऱ्या देशात राजाने संसदेला विचारल्याशिवाय काय काय करायचं नाही हे कागदावर लिहून घेतात, हे शेजारी शेजारी लिहिल्यावर मी वही बंद करून जरा वेळ नुसतीच बसले. १७०७ : औरंगजेब नगरला मेला, शाहूमहाराज सुटले, आणि इकडे इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक होऊन ग्रेट ब्रिटन झालं, तारीख १ मे. महाराष्ट्र दिन! आता विसरून दाखवा. १७२० ला पहिला बाजीराव पेशवा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी रॉबर्ट वॉलपोल, ज्याला इथला पहिला पंतप्रधान मानतात. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे, आणि त्याच साली क्रिमियन वॉर, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हे करताना आणखी एक झालं, पुस्तकातली माणसं ओळखीची निघायला लागली. वॉटर्लूचा तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८१५, नेपोलियनला हरवणारा आणि नंतर पंतप्रधान झालेला, हा म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांना हरवलं. माझं माहेर त्याच बाजूचं, लहानपणी असईवरून कितीदा गेलो असू. आणि तो दुसरा चार्ल्स, त्याला पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना हुंड्यात मुंबई मिळाली आणि १६६८ ला ती त्याने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. परीक्षेच्या दृष्टीने बिनकामाची गोष्ट, पण ५० पौंड फी भरताना मला हीच आठवली. पाच वर्षांचं मुंबईचं भाडं!

साम्राज्याबद्दल पुस्तक जे सांगतं ते मात्र वाचताना घशात अडकतं. साम्राज्य संपून कॉमनवेल्थ होणं हे बहुतांशी शिस्तीत झालं आणि देशांना स्वातंत्र्य दिलं गेलं, असा एकूण सूर. दिलं? १९४७ ची फाळणी शिस्तीत? २०२० मध्ये इथल्याच बऱ्याच इतिहासकारांनी गुलामगिरी आणि साम्राज्याच्या या मांडणीवर आक्षेप घेऊन गृहखात्याला जाहीर पत्र लिहिलं होतं, म्हणजे हे फक्त आपल्यालाच खटकतं असं नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या दहा लाखांवर हिंदी सैनिकांचा उल्लेख आहे, शेख दीन मोहम्मदचाही आहे, त्याने १८१० मध्ये लंडनला पहिलं करी हाऊस काढलं आणि चंपी म्हणजे शाम्पू इथे आणला. बरं वाटलं वाचून. पण परीक्षेत वाद घालायला जागा नाही, पुस्तकात जे आहे त्यावर टिक करायचं आणि घरी येऊन बडबडायचं.

परीक्षेच्या दिवसाबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगते, नाव. बुकिंग करताना टाकलेलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, लग्नानंतर काहींचं पहिलं नावही बदललेलं असतं, आणि फॉर्म भरताना आपण मधलं नाव गाळून मोकळे होतो. आमच्या ओळखीच्या एका ताईंना याच कारणाने दारातून परत पाठवलं, फीही गेली. बाकी आत गेल्यावर फोन, घड्याळ लॉकरमध्ये, खिसे, बाह्या, चष्मा, कानामागे सगळं बघतात, मग कॉम्प्युटरसमोर बसवतात. काही प्रश्नांना चारातले दोन पर्याय बरोबर असतात, तिथे एकावर टिक करून पुढे पळू नका. वेळ भरपूर उरतो, माझ्या बाजूचा मुलगा तर मी अर्ध्यावर असताना उठून गेला. निकाल ईमेलने येतो आणि त्यातला जो रेफरन्स नंबर असतो तोच पुढे अर्जात टाकायचा.

सिटिझनशिपचा अर्ज म्हणजे परीक्षेपेक्षा मोठी कटकट, आणि फी दीड हजार पौंडांच्या वर. आयएलआरनंतर साधारण एक वर्ष थांबायचं (नवरा किंवा बायको ब्रिटिश असेल तर थांबावं लागत नाही). जोडीदार ब्रिटिश नसेल तर पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त देशाबाहेर राहिलेलं चालत नाही, शिवाय अर्जाच्या बरोबर पाच वर्षं आधीच्या त्या तारखेला तुम्ही इथे हजर असायला हवं. आम्ही गणपती, लग्नं, आजारपणं सगळ्यांच्या तारखा जुन्या तिकिटांच्या ईमेलमधून काढल्या. दोन रेफरी (तुमची ओळख पटवून देणारी माणसं) लागतात, दोघंही तुम्हाला तीन वर्षं ओळखणारे हवेत, आणि त्यातला एक शिक्षक, अकाउंटंट असा व्यवसायवाला. लेकीच्या शाळेतल्या बाईंनी आनंदाने सही केली.

सेरेमनी, म्हणजे नागरिकत्वाची शपथ घेण्याचा समारंभ, टाऊन हॉलमध्ये. देवाची शपथ घ्यायची की नुसती प्रतिज्ञा करायची ते तुम्ही ठरवायचं, राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी निष्ठा वगैरे. तिसरे चार्ल्स म्हटल्यावर मला दुसरा आठवला आणि हसू दाबावं लागलं. गंमत म्हणजे मतदान मी आधीपासूनच करत होते, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांना ब्रिटनच्या निवडणुकीत मत देता येतं, कितीतरी जणांना हे माहीतच नसतं, नाव नोंदवा.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. ब्रिटिश नागरिक झालात की भारतीय नागरिकत्व कायद्याने आपोआप संपतं, दोन्ही ठेवता येत नाहीत. म्हणजे सेरेमनीनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो सरेंडर करायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, ब्रिटिश पासपोर्ट काढायचा आणि मग ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) अर्ज. या सगळ्याला वेळ लागतो. तेव्हा सेरेमनीच्या पुढच्याच महिन्यात घरी कोणाचं लग्न असेल तर सेरेमनीची तारीख जरा पुढची मागून बघा, निमंत्रण आल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, तेवढी मोकळीक मिळते.