पहिली नेमणूक कुठे, हे लेखी मिळेल का?

दर वर्षी १ मार्च उजाडला की टोकियोच्या लोकलगाड्यांमध्ये एकसारखे काळे सूट घातलेली मुलेमुली दिसू लागतात. केस काळे, बूट काळे, हातातली बॅगही काळी आणि मुलाखतीच्या वेळी खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवली तरी सरळ उभी राहील अशी. विद्यापीठाचे तिसरे वर्ष संपता संपता सुरू होणाऱ्या या नोकरीच्या शोधाला इथे 'शूकात्सु' म्हणतात. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे कंपन्यांनी मार्चपासून माहिती द्यायची, जूनपासून मुलाखती घ्यायच्या आणि १ ऑक्टोबरला 'नाइतेइ' म्हणजे नोकरीचे रीतसर आश्वासन द्यायचे. त्यानंतरच्या १ एप्रिलला देशभरातली नवी तुकडी एकाच दिवशी रुजू होते. बऱ्याच कंपन्या आता जूनची वाट पाहत नाहीत, पण एप्रिलचा तो दिवस अजून ढळलेला नाही.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून मी इथे आले, त्याला आता तेरा वर्षे झाली. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या भरती विभागात मी काम करते. एका मार्चमध्ये माहितीमेळाव्यात आमच्या टेबलासमोर बसलेल्या एका मुलीने वही उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पहिली नेमणूक कोणत्या शहरात आणि कोणत्या विभागात होईल, हे लेखी मिळेल का?" माझ्या उजव्या हाताला आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख बसले होते; ते १९९० साली नोकरीला लागले. डाव्या हाताला २००० साली पदवी घेतलेले माझे वरिष्ठ सहकारी होते. बुचो क्षणभर गप्प झाले. सहकाऱ्यांनी मात्र पेन उचलून तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला. त्या एका टेबलाभोवती नोकरीकडे पाहण्याच्या तीन रीती बसल्या होत्या, हे मला नंतर त्या दोघांशी सविस्तर बोलल्यावर नीट उमगले.

भारतातून फोन आला की नातेवाईक आजही म्हणतात, "जपानमध्ये काय, माणूस एकदा चिकटला की निवृत्तीपर्यंत बघायला नको." आमचे बाबा पिंपरीच्या कारखान्यात लागले तेव्हा आजीचीही तीच भावना होती, त्यामुळे या वाक्यामागची माया मला कळते. पण जपानमधली ती जन्मभराची हमी सर्वांना कधीच नव्हती. ती प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांतल्या कायम नोकरीवरच्या पुरुषांची होती आणि तिची किंमतही ठरलेली होती. इथली मोठी कंपनी पदवीधराला एखाद्या विशिष्ट कामासाठी घेत नाही. ती त्याला आपल्या घरात घेते. मग हिशेब पाहायचा की माल विकायचा, ओसाकात राहायचे की होक्काइदोत, हे कंपनी ठरवते. बदलीला 'तेनकिन' म्हणतात. मुलांची शाळा किंवा घराचे हप्ते यांमुळे कुटुंब मागे ठेवून वडील एकटेच दुसऱ्या गावी राहतात, त्यालाही 'तानशिन फुनिन' असे स्वतंत्र नाव आहे. ज्या गोष्टीला भाषेने वेगळे नाव दिले, ती किती घरांतून घडली असेल याचा अंदाज वाचकांना यावा. थोडक्यात, कंपनी तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळील आणि तुम्ही ती सांगेल तिथे जाल, असा हा न लिहिलेला करार होता.

आमच्या बुचोंनी तो करार डोळे मिटून स्वीकारला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वेळी कंपन्याच मुलांच्या मागे धावत होत्या. १९९१ साली पदवी घेणाऱ्यांसाठी दर विद्यार्थ्यामागे सरासरी २.८६ जागा होत्या. निवडलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या परीक्षेला जाऊ नये म्हणून त्याच दिवशी त्याला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी सहलीला नेण्याची तेव्हा पद्धत होती. बुचोही असे दोन रात्री राहून आले होते. त्या पिढीची निवड कंपनीच्या नावावर होत असे. बँका, विमा कंपन्या, शेअर दलालीच्या मोठ्या संस्था, दूरध्वनी कंपनी यांची नावे ऐकली की घरच्यांचा ऊर भरून येई. काम काय असेल, असे बुचोंनी मुलाखतीत विचारलेच नाही. तसे विचारणे म्हणजे कंपनीवर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटत होते.

२९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला आणि त्यानंतर कोसळत गेला. तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. खरा धक्का मात्र नोव्हेंबर १९९७ मध्ये बसला. त्या एका महिन्यात होक्काइदो ताकुशोकु बँक बुडाली आणि शंभर वर्षांची यामाइची सिक्युरिटीज ही शेअर दलालीची संस्था बंद पडली. कर्मचाऱ्यांचा यात काही दोष नाही, असे सांगताना यामाइचीचे अध्यक्ष कॅमेऱ्यांसमोर रडले. बुचो सांगतात की ते दृश्य त्यांनी कारखान्याच्या उपाहारगृहातल्या दूरदर्शन संचावर पाहिले आणि आजूबाजूला कोणीही जेवत नव्हते.

माझ्या डाव्या हाताला बसलेले सहकारी तेव्हा विद्यापीठात होते. साधारण १९९३ ते २००५ या काळात पदवी घेतलेल्यांना इथे 'ह्योगाकी' म्हणजे हिमयुगाची पिढी म्हणतात. २००० सालच्या पदवीधरांसाठी दर विद्यार्थ्यामागे जागा उरल्या ०.९९. सहकाऱ्यांनी त्या वर्षी शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज केले आणि अर्जासोबतचा जीवनपट शाईने हाताने लिहायचा, असा तेव्हाचा शिरस्ता होता. एक अक्षर चुकले तर वर पांढरा रंग लावून चालत नसे. कागद टाकून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागे. त्यांनी तो न पाठवलेला, शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलेला एक कागद अजून जपून ठेवला आहे. मला तो त्यांनी एकदा दाखवला. अक्षर मोत्यासारखे, आणि 'तुमच्याच कंपनीत का यायचे आहे' या रकान्यात सहा ओळींचे असे उत्तर, जे कोणत्याही कंपनीला लागू पडले असते. त्या पिढीला आदर्श कंपनी कोणती असे विचारणे हाच अन्याय आहे. जी घेईल ती आदर्श, एवढीच निवड तिच्या वाट्याला आली.

इथल्या व्यवस्थेत पदवीचे वर्ष हेच मोठे दार असल्याने ज्यांचे ते वर्ष हुकले, त्यांना पुढे फार सोसावे लागले. १९९९ साली कंत्राटी मनुष्यबळाचा कायदा सैल झाला आणि त्यातले असंख्य जण, विशेषतः स्त्रिया, वर्षावर्षाच्या करारांवर राबत राहिले. २०१९ साली ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका शहराच्या नगरपालिकेने खास या पिढीसाठी तीन पदांची जाहिरात दिली, तेव्हा १,८०० हून अधिक अर्ज आले आणि शेवटी चौघांना घेतले गेले. चाळिशी ओलांडलेल्या त्या बाकीच्या माणसांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आता त्या मेळाव्यातल्या मुलीकडे येते. तिच्या पिढीची बाजू वरवर पाहता भक्कम आहे. १९९२ साली जपानमध्ये अठरा वर्षांचे सुमारे २० लाख तरुण होते, आज ते जवळजवळ निम्म्यावर आले आहेत. मार्च २०२४ मध्ये पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्यांपैकी ९८.१ टक्के मुलांना नोकरी मिळाली. कंपन्या सुरुवातीचा पगार वाढवत आहेत. युनिक्लो चालवणाऱ्या फास्ट रिटेलिंगने तो २०२५ मध्ये दरमहा ३ लाख ३० हजार येनवर नेला. तरीही या मुलांच्या प्रश्नांत निर्धास्तपणा नाही. त्यांच्या तोंडी 'हाइझोकु गाचा' असा एक शब्द आहे. हाइझोकु म्हणजे नेमणूक, आणि गाचा म्हणजे नाणे टाकून दांडा फिरवला की बंद डबीतून कोणते खेळणे निघेल ते सांगता येत नाही, असे रस्त्यावरचे यंत्र. आपला विभाग आणि आपले गाव असे नशिबावर सोडायला ही मुले तयार नाहीत. ओव्हरटाइम प्रत्यक्षात किती तास होतो, वडील झालेल्या किती पुरुषांनी संगोपन रजा घेतली, पाच वर्षांनी आपल्या हाताशी कोणते कौशल्य असेल, हे ती विचारतात. २०१९ पासून ओव्हरटाइमवर महिन्याला साधारण ४५ तासांची कायदेशीर मर्यादा आली असली, तरी 'बुराक्कु किग्यो' म्हणजे माणसे पिळून काढणाऱ्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली आहेत.

वडीलधारी मंडळी म्हणतात की आजची मुले आत्मकेंद्री आहेत आणि टिकत नाहीत. मला हे पटत नाही, आणि आकडेही त्याला साथ देत नाहीत. तीन वर्षांच्या आत पहिली नोकरी सोडण्याच्या प्रमाणासाठी इथे 'शिचिगोसान' हा शब्द फार पूर्वीपासून रूढ आहे. मूळ शब्द तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नटवून देवळात नेण्याच्या सणाचा; नोकरीच्या बाबतीत त्याचा अर्थ माध्यमिक शाळेतून आलेल्यांपैकी सात, उच्च माध्यमिकमधून आलेल्यांपैकी पाच आणि विद्यापीठातून आलेल्यांपैकी तीन, असे दर दहांमागचे प्रमाण. २०२१ साली पदवी घेतलेल्यांपैकी ३४.९ टक्क्यांनी तीन वर्षांत नोकरी सोडली, म्हणजे आकडा चढा आहे. पण तीनाच्या आसपास तो गेली तीसएक वर्षे आहेच. या मुलांनी जुन्या करारातला एक भाग वडिलांच्या घरी मोडताना पाहिला आणि दुसरा भाग तसाच राहिलेला पाहिला. सांभाळण्याची हमी विरली, पण बदलीचा हुकूम राहिला. अशा वेळी हुकूमही कागदावर मागणारी मुलगी मला उद्धट वाटत नाही. तिला सुरक्षितता बुचोंइतकीच हवी आहे. फक्त ती कंपनीच्या नावात असते यावर तिचा विश्वास उरलेला नाही.

यात आईवडीलही आहेत, आणि ते पाहून मला घरची आठवण येते. मुलाने होकार दिल्यावर कंपनीने पालकांचीही संमती विचारून घ्यायची, याला 'ओयाकाकु' म्हणतात, आणि आमच्यासारख्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या कंपनीला ते टाळता येत नाही. आज नोकरी शोधणाऱ्यांचे अनेक पालक नेमके हिमयुगात पदवीधर झालेले आहेत. मुलाला मनासारखे काम मिळो, असे त्यांना वाटते आणि त्याच दमात कंपनी बुडणार तर नाही ना, असेही ते विचारतात. फोनवर हा दुसरा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज खाली येतो. आमच्याकडे मुलगा खासगीत लागला तरी आई हळूच 'पेन्शन आहे का' विचारते, तो आवाज आणि हा आवाज सारखाच आहे.

त्या मेळाव्यानंतर आमच्या नेमणूक-पत्रात दोन ओळी वाढल्या: पहिल्या तीन वर्षांचे कामाचे ठिकाण आणि पहिल्या तीन वर्षांचा विभाग. मसुदा सहकाऱ्यांनी केला. बुचोंनी तो दोन दिवस टेबलावर ठेवला, 'सुमारे तीन वर्षे' मधला 'सुमारे' स्वतःच्या हाताने खोडला आणि शिक्का मारला. त्या मुलीने ऑगस्टमध्ये होकार कळवला. ती अकिताची आहे, घरी एकटी आई आहे, आणि तो कागद आईला दाखवता येईल का, असे तिने पत्रातून विचारले होते. ३० सप्टेंबरला संध्याकाळी मी पत्रे छापत होते, तेव्हा सहकारी मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अकिताच्या पत्राच्या दोन प्रती काढा, एक आईच्या नावाने, आणि चांगल्या कागदावर."