बाकी सगळं पेन्सिलीत, गोधडी तेवढी रंगीत

पट्रिशिया पोलाको यांचं 'द कीपिंग क्विल्ट' (१९८८) उघडलं की पानापानावर करड्या पेन्सिलीतली माणसं दिसतात. रंग फक्त एका वस्तूला: रशियातून अमेरिकेत आलेल्या पणजीच्या झग्याला आणि डोक्याच्या रुमालाला, आणि पुढे तो रुमाल आणि घरच्यांचे जुने कपडे मिळून शिवलेल्या गोधडीला. ती कधी जेवणाच्या टेबलावर पसरते, कधी लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर धरली जाते, कधी बाळाभोवती गुंडाळली जाते. ज्याला अक्षर लागत नाही असं मूलसुद्धा त्या रंगाचं बोट धरून पिढ्यामागून पिढ्या ओलांडतं. चित्रकाराची ही युक्ती आहेच, पण ती सुचलेल्या बाईंना स्वतःला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं, हे कळल्यावर पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटतं.

पोलाको १९४४ साली मिशिगनमधल्या लॅन्सिंग गावी जन्मल्या. डिस्लेक्सिया होता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं-शब्द वाचायला जड जात, आकडेही जुळत नसत. चित्रं मात्र लहानपणापासून उत्तम. पुढे त्यांनी कलेच्या इतिहासात डॉक्टरेट केली, पहिलं पुस्तक चाळिशी ओलांडल्यावर आलं आणि मग शंभरावर पुस्तकं झाली. शाळाशाळांतून मुलांसमोर उभं राहून त्या ही गोष्ट स्वतः सांगत आल्या आहेत. 'थँक यू, मिस्टर फॉल्कर' (१९९८) हे त्यांचं चित्रपुस्तक या अनुभवावरच आहे.

त्या पुस्तकातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा लोक वाचताना सोडून देतात. मास्तर आधी मुलीच्या चित्राचं मनापासून कौतुक करतात आणि नंतर त्यांच्या लक्षात येतं की या पोरीला वाचताच येत नाही, एकेका चांगल्या शिक्षकाला चकवत तिने इथवर मजल मारली आहे. चांगलं चित्र हे वाचनाच्या अडचणीवरचं पांघरूण असतं. 'हिचा हात बघा काय सुंदर आहे, अभ्यासात जरा आळशी आहे एवढंच' हे वाक्य आपल्याकडच्या पालकसभेतही ऐकू येतं. चित्राने वाचन सुधारत नाही. वाचन वेगळं, मुद्दाम, रोज शिकवावं लागतं. पुस्तकातल्या मुलीलाही शाळा सुटल्यावर थांबवून वाळूत गोल गिरवायला लावतात, ओल्या स्पंजाने फळ्यावर काम करून घेतात, लाकडी ठोकळ्यांनी शब्द बांधून घेतात. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लावण्याची ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकापासून डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाते.

मराठीत हेच करायचं तर काठ असलेलं ताट घ्या. तळाला काळा कागद, वर बारीक रव्याचा दोन-तीन मिलिमीटर थर. थर जाड झाला की बोट रुततं, रेघ ढासळते आणि मूल खेळत बसतं. (रांगोळीही चालते, पण धूळ उडते. रव्याला मुंग्या लागतात, तेव्हा काम झालं की डब्यात.) अक्षर तळहाताएवढं मोठं. दोन बोटांनी गिरवायचं आणि बोट चालू असतानाच आवाज काढायचा. आधी गिरवून मग म्हटलं तर हात आणि कान जोडलेच जात नाहीत. पाच-सहा वेळा झालं की डोळे मिटून, मग कागदावर. रोज पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही.

इंग्रजीतल्या लहान 'बी' (b) आणि 'डी'सारखी (d) एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली अक्षरजोडी देवनागरीत सहसा सापडत नाही. म्हणून 'आमची मुलगी अक्षरं उलटी काढत नाही, म्हणजे डिस्लेक्सिया नाही' हा निष्कर्ष चुकतो. मराठीत घोळ वेगळ्या ठिकाणी होतो. म-भ, घ-ध, य-थ या जोड्या पाहा. फरक सगळा डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे: भ, ध, थ यांना तिथे गाठ असते आणि त्यांची शिरोरेषा तुटलेली असते. मुलाने अख्ख्या शब्दावर एका फटक्यात शिरोरेषा ओढली की हा फरक पुसला जातो. तेव्हा या तिघांची गाठ आधी काढून घ्यायची आणि रेघ कुठे थांबते तिथे बोट टेकवायचं. जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. म पक्का होऊ दे, भ नंतर.

दुसरा घोळ ऱ्हस्व वेलांटीचा. 'कि'मध्ये आधी क ऐकू येतो, पण वेलांटी बसते त्याच्या डावीकडे. रफार त्याहून खट्याळ: 'सूर्य'मधला र म्हणायचा य च्या आधी आणि काढायचा य च्या डोक्यावर. इथे गोधडीची युक्ती कामी येते. शब्द काळ्या शाईत, वेलांटी किंवा रफार तेवढा लाल. काना, मात्रा, उकार यांना वेगवेगळे रंग दिले तर पान जत्रेसारखं दिसतं आणि डोळा कुठेच ठरत नाही. एका वेळी एकच खूण, एकच रंग. दोन आठवड्यांनी तोच शब्द पूर्ण काळ्यात लिहून पाहा, नाहीतर मूल रंग वाचायला लागतं.

स्वतःचं पुस्तक करणं हा यातला सर्वांत रंगणारा भाग. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, म्हणजे ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून. सुरुवातीला चारच कागद घ्या, सोळा पानं पुष्कळ झाली. आधी सगळी चित्रं, मग मूल सांगेल ते वाक्य मोठ्या माणसाने लिहून द्यायचं, पानाला पाच-सहा शब्द. मुलाचे शब्द सुधारायचे नाहीत. 'आजीने भाकर टाकली' असं ते म्हणालं तर तेच लिहा, 'भाजली' नको. इथे हमखास फसगत होते ती अशी: मूल पुस्तक धडाधड वाचतं आणि घरचे पेढे वाटतात, पण त्याला ते पाठ झालेलं असतं. तेच शब्द सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून, क्रम विस्कटून, चित्राशिवाय दाखवा. मग खरं काय ते कळतं.

मुलं मोठी झाली की वेळेचा प्रश्न येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) धरली आहे, आणि परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा देण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं. तपासण्यांना वेळ जातो, म्हणून दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नये. पोलाकोंच्या 'द आर्ट ऑफ मिस च्यू'मध्ये (२०१२) हाच जादा वेळ एक शिक्षक देतात आणि त्यांच्या जागी बदली आलेल्या बाई नाकारतात. चित्रकलेत वेळ घालवू नकोस, अभ्यास कर, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडेही वाचनाच्या जादा तासासाठी सगळ्यात आधी चित्रकलेचा तास कापला जातो. तो कापू नका. जादा तास शाळा सुटल्यावर ठेवा.