कटकेपार

दुपारी जेवून जरा लवंडलो, तर फोन टुणकला. वहिनीचा मेसेज : ‘आमच्या पिल्लूने भंडाऱ्यात अटकेपार झेंडा रोवला!!’ निबंध स्पर्धा, तिसरा नंबर. पोरगं गुणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नागपूरहून भंडाऱ्याला जाताना फार तर कन्हान ओलांडावी लागते. वैनगंगा गावाच्या पल्याड. म्हणजे झेंडा अलीकडच्याच काठावर.

या ‘पार’वर आपला फार जीव. संक्रांतीला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गच्चीवर सकाळपासून ‘ओ काऽऽट, ओ पाऽऽर’ सुरू व्हायचं. सगळ्यात मोठ्यानं मी ओरडायचो आणि माझ्या हातात नुसती चक्री. पतंग दादाचा, मांजा दादाचा, पेचही त्याचाच. एकदा भलत्याच जोरात ओरडलो, तर दादा खेकसला, "आपलाच कटला बे! तू काहून बोंबलून राहिला?"

आजोबा उन्हाला पाठ देऊन बसलेले असायचे. त्यांचं एक जुनं दुखणं होतं. १७५८ साली मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेला पोचल्या, पुढच्याच वर्षी ते हातचं गेलं, पण म्हण कायमची झाली. आणि नागपूरकर भोसल्यांनी १७५१ ला मिळवलेलं ओडिशातलं कटक १८०३ पर्यंत, तब्बल ५२ वर्षं राखलं, त्याचं काय? ‘अटक ते कटक’मध्ये शेपटासारखं लोंबतं तेवढंच. "सांभाळलं त्याचं कवतिक नसते बाबू," म्हणायचे आणि दात नसतानाही तिळाची वडी मागायचे.

तो राग माझ्याकडे वारशानं आलाय. वहिनीला मुद्दाम लिहिलं, ‘कटकेपार झेंडा!’ आणि पाठवता पाठवता बोट थांबलं. कटकेच्या पार म्हणजे बंगाल. ऑफिसात पूर्वी एक बंगाली बाई होत्या. मी भोसल्यांच्या गावचा, असं मोठ्या ऐटीत सांगितल्यावर म्हणाल्या होत्या, "म्हणजे ते लुटारू घोडेस्वार, बर्गी, तुमच्याकडचे! आमच्या अंगाईत अजून येतात ते." मी हसलो होतो. त्या डबा उघडत होत्या. हसल्या की नाही, ते आठवत नाही.

लिहिलेलं खोडलं. नुसता अंगठा पाठवला. वहिनीला तो कमीच वाटला असणार.